उपदेशकानें केव्हां मौन धरावें?

कॅनडा देशाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत वॉटर्लू नांवाचें शहर आहे. तेथें लूथरन मंडळीनें १९११ सालीं पाळक तयार करण्यासाठीं एक विद्यालय स्थापन केलें. तें आज मार्टिन लूथर युनिव्हर्सिटी कॉलेज ह्या नांवानें चालू असून तेथील एका विद्यापीठाशीं जोडलेलें आहे. ह्या विद्यालयांत येणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांस आतां व्यासपीठावर उभें राहावयाचें नसतें. आध्यात्मिक शुश्रूषा व मानसोपचार ह्या विषयांत एम्. ए. ची पदवी घेऊन त्यांस इस्पितळांत, तुरुंगांत किंवा वृद्धांच्या आश्रमांत दुःखी माणसांजवळ बसावयाचें असतें. अशा प्रकारचें शिक्षण अमेरिकेंत व इतर देशांतही दिलें जातें.

हें वाचून खेड्यांतील आमचा एखादा उपदेशक बंधु हंसेल. आजाऱ्याच्या उशाशीं बसावयास एम्. ए. कशास पाहिजे? आपल्या वाडीवरची म्हातारी आजी, जिला अक्षरओळखही नाहीं, ती मेलेल्या लेंकराच्या आईजवळ रात्रभर बसते, तिच्या पाठीवरून हात फिरविते, आणि एक शब्दही बोलत नाहीं. तिला कोणत्या विद्यापीठानें शिकविलें? हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्या हंसण्याखालीं दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो हंसण्यासारखा नाहीं. ह्या विद्यालयांत असें शिकवितात कीं, रोग्याजवळ जाणाऱ्यानें आपला धर्म त्याच्यावर लादूं नये. तो होऊन विचारील तेव्हांच त्याविषयीं बोलावें. तो मुसलमान असो, यहूदी असो, अथवा कोणताच धर्म न मानणारा असो, त्याच्या दुःखाची वाट त्यास त्याच्याच पायांनीं चालूं द्यावी. मग प्रभूचें नांव कोणीं घ्यावयाचें? ज्याच्या मुखांत शुभवर्तमान आहे त्यानें मरणाऱ्याच्या खाटेजवळ तोंड मिटून बसावें, ही सेवा झाली कीं नाकार झाला? पेत्रानें प्रभूला नाकारिलें तें बोलून. आपण न बोलून नाकारीत तर नाहीं ना?

ही विद्या कोठून निघाली हें समजल्यावांचून ह्या प्रश्नाचा विचार नीट होणार नाहीं. अँटन बॉयसेन नांवाचा एक अमेरिकन पाळक होता. त्याचा जन्म १८७६ सालचा. प्रथम तो वनविद्या शिकला, पुढें धर्मशिक्षण घेऊन त्यानें मंडळ्यांत काम केलें, पण कोठेंही त्याचा जम बसला नाहीं. १९२० सालच्या आक्टोबर महिन्यांत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, पुन्हां पाळकाचें काम मिळावें म्हणून तो आपल्या विश्वासाचें निवेदन लिहीत होता. तें लिहितां लिहितांच त्याच्या मनाचा तोल गेला. जगाचा नाश जवळ आला आहे, अशा भयंकर कल्पनांनीं तो इतका ग्रासला गेला कीं, त्यास वेड्यांच्या इस्पितळांत न्यावें लागलें. तेथें तो सुमारें पंधरा महिने होता.

पाळकाचें डोकें फिरावें, आणि तेंही आपला विश्वास कागदावर उतरवीत असतां, ही गोष्ट आपल्या एखाद्या गांवांत घडती तर काय झालें असतें ह्याची कल्पना वाचकांनीं करावी. कोणी म्हणता सैतान शिरला, कोणी म्हणता गुप्त पाप असेल. बॉयसेन मात्र बरा होत असतां डोळे उघडे ठेवून होता. त्यास असें दिसलें कीं, डॉक्टर येतात आणि जातात, पण रोग्याच्या मनांत काय चाललें आहे ह्याविषयीं त्याच्याशीं कोणी बोलत नाहीं. आणि पाळक उपासना चालवावयास येतात, पण समोर बसलेलीं माणसें कोण आहेत ह्याचा त्यांस पत्ता नसतो. एका पाळकानें त्या वेड्यांच्या मेळ्यांत, डोळा पाप करवीत असेल तर तो उपटून टाकावा, ह्या वचनावर उपदेश केला. तेव्हां बॉयसेनला धास्ती वाटली कीं, ह्यांपैकीं एखादा बिचारा हें वचन अक्षरशः घेईल.

उपदेशक बंधूंनो, ह्या गोष्टीपाशीं थोडें थांबा. तें वचन खोटें होतें काय? नव्हतें. तो पाळक वाईट मनुष्य होता काय? तसेंही मानण्यास कारण नाहीं. कदाचित् गेल्या रविवारीं आपल्या मंडळींत केलेला उपदेशच त्यानें इस्पितळांत आणिला असेल. आपल्यापैकीं कोणीं तसें केलें नाहीं? परंतु खरें वचन, चांगल्या माणसाच्या मुखांतून, ज्याची ओळख नाहीं अशा माणसाच्या कानांत पडलें म्हणजे तें सुरीसारखें होऊं शकतें. सुरी चांगली असते. पण ती कोणाच्या हातीं देतों हें पाहावें लागतें.

बॉयसेन १९२२ सालीं इस्पितळांतून सुटला. बॉस्टनचे प्रसिद्ध डॉक्टर रिचर्ड कॅबट ह्यांच्याजवळ त्यानें अध्ययन केलें, आणि १९२४ सालीं तो वुस्टर येथील वेड्यांच्या सरकारी इस्पितळांत पाळक म्हणून रुजू झाला. ज्या दारानें रोगी म्हणून आंत जावें लागतें तशाच दारानें तो आतां सेवक म्हणून आंत गेला. पुढल्या वर्षाच्या उन्हाळ्यांत त्यानें धर्मशिक्षण घेणारे चार विद्यार्थी तेथें आणिले. त्यांस त्यानें आल्याबरोबर पुस्तकें दिलीं नाहींत. रोग्यांस आंघोळ घालणें, जेवूं घालणें, त्यांच्यावर नजर ठेवणें, असें वॉर्डातील हलक्या समजल्या जाणाऱ्या नोकरांचें काम त्यांस दिवसभर करावें लागे, व त्यानंतर अभ्यास होई. तो म्हणे कीं, जसे आपण छापलेले ग्रंथ वाचतों तसा प्रत्येक दुःखी मनुष्य हाही एक जिवंत ग्रंथ आहे, आणि पाळकानें तो वाचावयास शिकलें पाहिजे. आज ज्या पदवीविषयीं आम्ही लिहीत आहों तिचें मूळ त्या चार विद्यार्थ्यांत आहे.

आतां त्या शिक्षणाची रीत सांगतों, कारण आमच्या मतें सर्वांत उपयोगाची गोष्ट तीच आहे. विद्यार्थी एखाद्या रोग्यास भेटून येतो आणि खोलींत बसून झालेलें संभाषण आठवेल तसें, शब्दास शब्द, लिहून काढितो: रोगी काय म्हणाला, आपण काय म्हणालों, मध्यें कोण गप्प बसला, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलें. कॅबट ह्यांच्याबरोबर काम करणारे पाळक रसेल डिक्स ह्यांनीं अशा टिपणांची पद्धत पुष्कळ वाढविली, आणि त्या दोघांनीं १९३६ सालीं रोग्यांच्या सेवेवर एक पुस्तक मिळून लिहिलें. हें टिपण मग गुरूपुढें आणि चारपांच सोबत्यांपुढें वाचावयाचें असतें. समजा, त्यांत असें लिहिलें आहे कीं, रोगी म्हणाला, "रात्र फार मोठी वाटते हो," आणि विद्यार्थी लगेच म्हणाला, "प्रभु आपल्याजवळ आहे, चला, आपण प्रार्थना करूं." ऐकणारास हें चांगलेंच वाटेल. परंतु गुरु विचारितो: रात्रीं त्यास काय होतें हें तूं कां विचारिलें नाहींस? प्रार्थनेची गरज त्या क्षणीं कोणास होती, त्याला कीं तुला?

हा प्रश्न जिव्हारीं लागणारा आहे. रोग्यास कदाचित् सांगावयाचें असेल कीं, रात्रीं त्याला मेलेला भाऊ दिसतो, ज्याच्याशीं शेताच्या बांधावरून तो दहा वर्षें बोलला नव्हता. तें ऐकण्याचें भय विद्यार्थ्यास वाटलें, आणि प्रार्थनेचा पडदा ओढून त्यानें तें भय झांकिलें. प्रार्थना झाली, आमेन झालें, विद्यार्थी समाधानानें उठून गेला. आणि तो भाऊ रोग्याच्या उशाशीं तसाच उभा राहिला. देवाचें नांव घेऊन माणसाचें तोंड बंद करितां येतें ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांच्या ध्यानांतही येत नाहीं. म्हणून त्या विद्यालयांत शिकावयाचें असतें तें मुख्यतः दुसऱ्याच्या मनाविषयीं नव्हे. आपल्या स्वतःच्या मनांतील भीति, राग, मोठेपणाची हांव, आपल्या आईबापांच्या मरणाचें न फिटलेलें दुःख, हें सारें आपण खाटेजवळ घेऊन जातों आणि त्यालाच कधीं कधीं उपदेश म्हणतों, हें ओळखावयास शिकणें हाच त्या अभ्यासाचा गाभा आहे. वाडीवरच्या आजीला हें कोणीं शिकविलें, ह्या प्रश्नाचें उत्तरही येथेंच आहे. तिनें स्वतःचीं लेंकरें पुरलीं आहेत. तिला त्या दुःखाचें भय राहिलेलें नाहीं, म्हणून तिला बोलून तें पळवून लावावें लागत नाहीं. तिची पदवी फार महाग पडलेली आहे. तरुण उपदेशकाजवळ ती नाहीं, आणि ती त्यास त्याच मोलानें मिळावी अशी इच्छा कोण करील?

आमच्या भाषेंत ह्या विद्येस समुपदेशन असें नांव पडलें आहे. ह्या शब्दाच्या पोटांत उपदेश हा शब्द बसलेला आहे, आणि गंमत अशी कीं, ह्या विद्येंत पहिला धडा उपदेश न करण्याचाच असतो. सायकोथेरपी हा युरोपियन शब्द त्या मानानें अधिक खरा आहे. तो ज्या दोन ग्रीक शब्दांचा झालेला आहे त्यांचा अर्थ जीव आणि शुश्रूषा असा आहे, आणि ते दोन्ही शब्द नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत आढळतात. म्हणजे ही वस्तु परक्याच्या घरची नव्हे. कार्ल रॉजर्स, ज्यांनीं ऐकण्याच्या ह्या रीतीला शास्त्राचें रूप दिलें, ते १९२४ पासून दोन वर्षें न्यूयॉर्कच्या एका धर्मशाळेंत पाळक होण्यासाठींच शिकत होते. ठराविक मतें मानलींच पाहिजेत असें बंधन असलेल्या कामांत आपला निभाव लागणार नाहीं असें वाटून ते तेथून निघाले. मंडळीनें ऐकण्याचें काम सोडिलें आणि तें बाहेरच्यांनीं उचलिलें, असें कोणीं म्हटल्यास आम्ही त्याच्याशीं वाद घालणार नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. मौनाच्या बाजूनें सर्वांत बळकट कारण आमच्या मतें हें आहे कीं, खाटेवरचा मनुष्य उठून जाऊं शकत नाहीं. आठवड्याच्या बाजारांत तुम्ही उभे राहून उपदेश करितां, तेव्हां ज्यास ऐकावयाचें नाहीं तो आपली पिशवी उचलून पुढच्या दुकानीं जातो. तो मोकळा आहे, म्हणून तुम्हीही मोकळे आहां. परंतु इस्पितळांतील रोगी कोठें जाणार? त्याला वाटतें, ह्यांचें ऐकलें नाहीं तर औषध मिळेल कीं नाहीं. नर्सबाई रागावतील कीं काय. पूर्वीं कित्येक मिशन दवाखान्यांत औषधाची चिठ्ठी मिळण्याआधीं उपदेश ऐकावा लागे. तो उपदेश करणारांचा हेतु प्रेमाचा होता ह्याविषयीं आम्हांस संशय नाहीं, आणि त्यांनीं वांचविलेले जीव मोजतां येणार नाहींत. तरी ज्यास नाहीं म्हणतां येत नाहीं, त्याच्या हो म्हणण्याला काय किंमत? तापांत फणफणलेल्या माणसानें मान डोलाविली तर ती विश्वासानें डोलाविली कीं थकव्यानें, हें सांगणारा कोण आहे?

ह्यावर आमचा उपदेशक बंधु यहेज्केलाचा पहारेकरी पुढें करील. तलवार येतांना पाहूनही जो शिंग वाजवीत नाहीं, त्याच्या हातून मेलेल्यांचा झाडा घेतला जाईल. हा मनुष्य आज रात्रीं मरणार. आणि मी सभ्यपणानें गप्प बसलों तर? हा आक्षेप हलका नाहीं. जो तो हलका समजतो त्यास आपल्या विश्वासाची किंमत ठाऊक नाहीं असें आम्ही म्हणूं.

तरी शुभवर्तमानांतच पाहा. वधस्तंभावर प्रभूच्या दोन्ही बाजूंस दोन चोर मरत होते, आणि त्यांच्याजवळ एक दिवसही उरला नव्हता. त्यानें त्या दोघांस उपदेश केल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. एकानें तोंड उघडून मागितलें, आणि त्या एकास तत्काळ उत्तर मिळालें. बार्तीमय आंधळा आहे हें सगळ्या यरीहोला दिसत होतें, तरी तुझ्यासाठीं मीं काय करावें असें त्यास विचारिलें गेलें. त्याची गरज त्याच्याच तोंडून येऊं दिली. अम्माऊसच्या वाटेवर तर ज्याला सर्व ठाऊक होतें त्यानेंच विचारिलें कीं, तुम्ही कसल्या गोष्टी बोलत चाललां आहां. आणि त्या दोघांनीं आपलें सगळें रडगाणें सांगून संपविल्यावर मग त्यानें शास्त्र उलगडिलें. शास्त्र उलगडलें नाहीं असें नव्हे. तें दुसऱ्यानें उलगडलें, आधीं नव्हे. उलट ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री भुईवर गप्प बसले तोंवर खरे मित्र होते. आठव्या दिवशीं त्यांनीं तोंड उघडिलें, एकाहून एक शास्त्रशुद्ध भाषणें केलीं, आणि शेवटीं देवाचा राग त्यांच्यावरच झाला.

तेव्हां आमचें मत असें कीं, मौन दोन प्रकारचें असतें. एक भीतीचें: लोक काय म्हणतील, साहेब काय म्हणेल, म्हणून विचारिल्यावरही न बोलणें. तो नाकारच होय. दुसरें आदराचें: ह्या माणसाचा जीव माझ्या हातचा नाहीं, त्याच्याशीं देवाचें कांहीं चाललेलें आहे, आणि मीं मध्यें पडण्यापूर्वीं तें काय आहे हें कळूं द्यावें, असें समजून थांबणें. जो असा थांबतो त्यास रोगी बहुधा विचारितोच कीं, तुम्ही रोज कां येतां? त्या प्रश्नाला जें उत्तर द्यावयाचें तें मोकळेपणानें द्यावें. कोणी विचारणारच नाहीं, आणि तो तसाच जाईल, असेंही होतें. त्या रात्रीं घरीं परत येणाऱ्या उपदेशकाच्या काळजांत जी कळ उठते ती आमच्या ह्या युक्तिवादानें शमेल असें आम्ही म्हणत नाहीं.

तरी ह्या नव्या विद्येंत सगळेंच आम्हांस पसंत आहे असें नव्हे. ऑन्टॅरिओ प्रांतांत मानसोपचाराचा कायदा २००७ सालीं होऊन १ एप्रिल २०१५ पासून अमलांत आला. तेव्हांपासून नोंदणी झालेल्यांसच मानसोपचारक म्हणवून घेतां येतें. पूर्ण नोंदणीसाठीं अभ्यासाखेरीज ४५० तास प्रत्यक्ष रोग्यांबरोबर व १०० तास अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीं घालविल्याचें दाखवावें लागतें. इस्पितळांतील पाळकांच्या शिक्षणाचा एकेक टप्पा साधारण ४०० तासांचा असतो, आणि असे अनेक टप्पे पुरे करावे लागतात. फीचा आंकडा आम्ही येथें देत नाहीं. तो वाचून आमच्या वाचकांस रात्रीचें जेवण गोड लागणार नाहीं. लबाडांपासून दुबळ्यांचें रक्षण व्हावें म्हणून हे नियम केलेले आहेत, आणि तें योग्यच आहे. पण शुश्रूषा हा धंदा झाला म्हणजे तिला घड्याळ लागतें. ठरलेली वेळ संपली कीं दार उघडतें आणि पुढचा मनुष्य आंत येतो. खेड्यांतील उपदेशक हा त्याच माणसाच्या लग्नाला होता, त्याच्या बैलाच्या आजारांत होता, आणि त्याच्या मौतीलाही असणार आहे. ही वस्तु कोणत्याही विद्यापीठाला देतां येणार नाहीं, आणि आमच्या उपदेशकानें ती स्वस्त समजूं नये.

त्याच प्रांताच्या १९९१ सालच्या आरोग्यविषयक कायद्यांत एक सवलत आहे. आपल्या धर्माच्या तत्त्वांप्रमाणें प्रार्थनेनें किंवा आध्यात्मिक मार्गानें दुसऱ्याचा उपचार करणाऱ्यास परवान्याची बंदी लागू होत नाहीं. म्हणजे सरकारनेंही ओळखिलें कीं प्रार्थनेला शिक्का मारतां येत नाहीं. आणखी एक गोष्ट: टोरांटो येथें युनायटेड चर्चचें इमॅन्युएल कॉलेज आहे. ख्रिस्ती मंडळीनें चालविलेल्या त्या विद्यालयांत मुसलमान आणि बौद्ध विद्यार्थीही आपापल्या लोकांची आध्यात्मिक शुश्रूषा शिकतात. कित्येकांस हें रुचणार नाहीं. आम्हांस वाटतें कीं, रडणाऱ्याजवळ कसें बसावें हें शेजाऱ्यास शिकविल्यानें कोणाचें देवघर ओस पडत नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या मंडळ्यांविषयीं एक कडू गोष्ट बोलणें प्राप्त आहे, आणि ती गुप्ततेची. त्या विद्यालयांत रोग्याचें नांव टिपणावर लिहूं देत नाहींत, आणि ऐकलेली गोष्ट बाहेर गेली तर विद्यार्थी शिक्षेस पात्र होतो. आपल्याकडे काय चालतें? एखादी बहीण रडत येऊन पाळकीणबाईंस सांगते कीं, नवरा दारू पिऊन मारतो. शनिवारच्या प्रार्थनासभेंत तीच गोष्ट प्रार्थनेचा विषय होऊन उभी राहते: अमुक बहिणीच्या घरांतील संकटासाठीं विनंति करूं या. नांव घेतलें नाहीं तरी गांवांत अमुक बहीण कोण हें कुत्र्यामांजरांसही ठाऊक असतें. रविवारपर्यंत तें तिच्या नवऱ्याच्या कानीं जातें, आणि पुन्हां ती कोणाजवळ तोंड उघडीत नाहीं. हें पाप आपण प्रार्थनेच्या वस्त्राखालीं करितों म्हणून तें लहान होत नाहीं. एखाद्याचें दुःख देवापुढें मांडावयाचें तर कोठडींत दार लावून मांडावें. त्यास सभेची साक्ष लागत नाहीं.

गुप्ततेला एक अपवाद मात्र आहे. कोणी मनुष्य जीव देण्याची भाषा करूं लागला, तर ती गोष्ट पोटांत ठेवून चालावयाचें नाहीं. अशा वेळीं, "जीव द्यावा असें तुमच्या मनांत येतें काय?" असें सरळ विचारावें. विचारल्यानें ती कल्पना त्याच्या मनांत नव्यानें शिरते, ही समजूत खोटी आहे. विचारल्यानें बहुधा त्याचें ओझें हलकें होतें. त्यास एकटें सोडूं नये, विषारी औषधाचा डबा घरांतून हलवावा, आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. आपल्या देशांत सरकारनें १० आक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नांवाची सोय सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केला असतां रात्रींअपरात्रींही मोफत बोलतां येतें. २०१७ सालच्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें असेंही ठरविलें आहे कीं, ज्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें धरून चालावें. तसें नव्हतें हें सिद्ध झाल्यावांचून त्यास शिक्षा करूं नये. तेव्हां पोलिसाच्या भीतीनें कोणीं अशा माणसास घरांत दडवून ठेवूं नये. मनोरुग्णास सांखळीनें बांधणें ह्याच कायद्यानें मना केलेलें आहे, मग तो दवाखाना असो कीं प्रार्थनेचें ठिकाण असो.

डॉक्टर आणि पाळक ह्यांच्यामधली सीमा कोठें आहे ह्याविषयीं खुद्द बॉयसेन आणि कॅबट ह्यांचें पटलें नाहीं. बॉयसेनचें म्हणणें, कांहीं वेड हें जीवाच्या झगड्यांतून निघतें, आणि त्या झगड्यांतून मनुष्य पूर्वींपेक्षां अधिक सावरून बाहेर येऊं शकतो. कॅबट म्हणत, वेडाचें मूळ शरीराच्या रसायनांत आहे. १९३० सालीं बॉयसेनला तो आजार पुन्हां झाला, आणि त्यानंतर कॅबट त्याच्यापासून दूर झाले. आजचें ज्ञान दोघांसही थोडें थोडें खरें ठरवितें. कठीण मनोविकारांत औषधें लागतातच, व तीं बंद करून केवळ प्रार्थनेवर रोग्यास ठेवणारा उपदेशक त्याच्या जीवाशीं खेळतो. पण औषध घेणाऱ्या माणसालाही, माझें हें काय झालें, असा प्रश्न पडतो, आणि त्या प्रश्नाजवळ बसणारा कोणी लागतो. बॉयसेन १९३२ सालीं एल्जिन गांवच्या दुसऱ्या एका वेड्यांच्या इस्पितळांत पाळक म्हणून गेला, १९३५ सालीं पुन्हां आजारी पडला, पुन्हां उठला, आणि १९६५ सालीं त्याच गांवीं वारला.

वॉटर्लूला जाणें आमच्या उपदेशकांस जमणार नाहीं. पण चारपांच गांवांचे उपदेशक व बायबल-स्त्रिया महिन्यांतून एकदां एकत्र जमतातच. त्या बैठकींत हिशेब आणि अहवाल झाल्यावर एक तास मोकळा ठेवावा. प्रत्येक वेळीं एकानें आपल्या एका भेटीचें संभाषण, नांव व गांव गाळून, ओळखूं येईल अशी खूण न ठेवितां, आठवेल तसें लिहून आणावें आणि वाचून दाखवावें. बाकीच्यांनीं त्यास चुका काढण्यासाठीं ऐकूं नये. एवढेंच विचारावें कीं, अमुक ठिकाणीं तुम्ही बोललांत तेव्हां तुमच्या मनांत काय होतें. वाचून झाल्यावर तो कागद तेथेंच चुलींत घालावा.